नावापुढे 'डॉ.' लावण्याआधी वहीत एक प्रश्न लिहा



गेल्या काही महिन्यांत चॅनलवर एक प्रश्न सारखा येतोय. "सर, बीबीए झालं, एमबीए झालं, धंदा पण बरा चाललाय. आता डीबीए करू का? बिझनेसमधली डॉक्टरेट. घरबसल्या होते म्हणतात." विचारणारा कोणी माजलगावचा आहे, कोणी केजची ताई आहे. एक जण कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि संध्याकाळी भावाच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. प्रत्येकाला कमेंटमध्ये दोन ओळींचं उत्तर देऊन भागत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

माझं मत आधी सांगतो, कारणं नंतर. धंदा वाढवायचा म्हणून डॉक्टरेट करू नका. नावापुढे 'डॉ.' दिसावं म्हणून तर अजिबात करू नका. पण तुमच्याजवळ असा एखादा प्रश्न असेल की ज्याचं उत्तर कोणाकडेच नाही, आणि ते शोधायला चार-पाच वर्षं घालायची तयारी असेल, तर जरूर करा. मात्र पक्क्या ठिकाणी करा.

डॉक्टरेट म्हणजे मोठी एमबीए नाही

पहिला गैरसमज इथेच आहे. बीबीएच्या पुढची पायरी एमबीए, एमबीएच्या पुढची पायरी डॉक्टरेट, असं आपल्याला वाटतं. जिना चढल्यासारखं. पण बीबीए-एमबीएत जे आधीच माहीत आहे ते शिकवतात. खातेवही, मार्केटिंग, कॉस्टिंग, माणसं सांभाळणं. डॉक्टरेटमध्ये कोणी शिकवत बसत नाही. तिथे तुम्हाला विचारतात, "आजपर्यंत कोणाला माहीत नव्हतं असं तुम्ही काय शोधलं? पुरावा दाखवा."

परदेशात डीबीए ही पदवी बहुतेक नोकरी-धंद्यात मुरलेल्या माणसांसाठी असते. स्वतःच्या कामातला एखादा प्रश्न घ्यायचा आणि त्यावर संशोधन करायचं. आपल्याकडच्या विद्यापीठांत संशोधनाची सर्वमान्य पदवी म्हणजे पीएच.डी., मग ती वाणिज्यातली असो नाहीतर व्यवस्थापनातली. दोन्हींत सुरुवात प्रश्नापासूनच होते.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या दारात आहे. बीड जिल्ह्यातली कॉलेजं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डी.एस्सी. मिळवली. त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने पुस्तकरूपात आला. शीर्षकातच प्रश्न आहे बघा. रुपयाची किंमत कशाच्या आधारावर ठरावी, आणि ती हलती राहिली तर मार कोणाला बसतो, याचा तो शोध होता. पुढे १९२५ मध्ये चलनाचा विचार करायला हिल्टन यंग आयोग आला, तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. आधी प्रश्न, मग अभ्यास, आणि तो अभ्यास देशाच्या कामाला. 'डॉ.' हे अक्षर त्याच्या मागून आलं.

डॉक्टरेट डबेवाल्यांवर झाली, डबेवाल्यांनी केली नाही

आता धंद्याकडे येऊ. मुंबईचे डबेवाले सगळ्यांना माहीत आहेत. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये हे काम सुरू केलं. यातले बरेचसे लोक मावळ, जुन्नर, आंबेगाव, खेड अशा भागांतले. कमी शिकलेली माणसं डब्याच्या झाकणावरच्या रंगाच्या खुणा आणि आकडे वाचून, लोकल बदलत, डबा बरोबर माणसाच्या टेबलावर पोचवतात. या व्यवस्थेवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये केस स्टडी काढली. आपल्याकडे पवन अग्रवाल यांनी डबेवाल्यांच्या पुरवठा साखळीवर पीएच.डी. केली आणि पुढे त्यावर देशभर व्याख्यानं दिली.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, उत्तम व्यवस्था उभी करायला डॉक्टरेट लागत नाही. शिस्त लागते, एकमेकांवर भरवसा लागतो, वेळ पाळावी लागते. दुसरी म्हणजे, ती व्यवस्था का चालते हे समजून घेऊन जगाला सांगायचं असेल, तर अभ्यास करणारा माणूस लागतो. दोन्ही कामं मानाची आहेत, पण वेगळी आहेत. तुम्हाला डबा पोचवायचाय की डबा कसा पोचतो हे शोधायचंय, हे आधी ठरवा.

बँकेच्या दारातही हेच दिसतं. पीएमईजीपी योजनेत उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर किंवा सेवेचा ५ लाखांच्या वर असेल, तर शिक्षणाची अट काय आहे? आठवी पास. कर्ज देताना बँक प्रकल्प अहवाल बघते, कोटेशन बघते, तुमचे जुने व्यवहार बघते. 'डॉ.' लावलं म्हणून व्याजदर कमी झालेला मी तरी बघितला नाही. आपल्या गिऱ्हाईकाचंही तसंच. साखर चांगली पाहिजे, वजन बरोबर पाहिजे, आणि "उद्या देतो" म्हटल्यावर दुकानदाराचं तोंड वाकडं व्हायला नको.

मग पीएच.डी. करून उपयोगच नाही का?

असं मी म्हणत नाही, आणि कोणी म्हटलं तर पटत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सारथीच्या फेलोशिपवर चर्चा चालू होती. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचं विधान केलं. राज्यभरातले विद्यार्थी चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. ज्या घरात पहिल्यांदा कोणी पदवीपर्यंत पोचलं, त्या घरातल्या पोराने संशोधन करायचं म्हटलं की त्याला दिव्याचा हिशोब मागायचा, हे बरोबर नाही.

उलट मराठवाड्यावर, इथल्या बाजारावर, इथल्या मजुरीवर अभ्यास करणारी माणसं अजून पाहिजेत. बाहेरचा माणूस येऊन आपल्यावर लिहितो, तेव्हा त्याला आठवडी बाजारातली अर्धी भाषा कळत नाही. तुम्हाला कळते.

दोन प्रश्न उदाहरण म्हणून देतो. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बालाघाटाच्या डोंगरातलं हे फळ झाडावरून काढलं की दोन-तीन दिवसांत पिकतं आणि मग हातात थांबत नाही. मानांकन मिळाल्यावर शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव वाढला का? वाढला नसेल तर फायदा कुठे अडला? व्यापाऱ्याकडे, वाहतुकीत, की गर काढून साठवण्याच्या सोयीत? हा पक्का संशोधनाचा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न दुकानदाराचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या गावागावांतून ऊसतोडीला कोयते निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यातून दुकानाची जुनी उधारी फिटते, गाव रिकामं होतं आणि पुढचे काही महिने गल्ला थंड. अशा गावातल्या किराणा दुकानाचं खेळतं भांडवल वर्षभर कसं फिरतं? उधारी किती महिन्यांनी परत येते आणि कोणती बुडते? पुस्तकातल्या खेळत्या भांडवलाच्या धड्यात ऊसतोड नाही. तुमच्या उधारीच्या वहीत आहे.

असा एखादा प्रश्न तुम्हाला झोपू देत नसेल, तर तुम्ही डॉक्टरेटच्या लायनीत उभं राहायला लायक आहात.

सरळ रस्ता कसा आहे

यूजीसीचे पीएच.डी.चे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत. त्यातलं आपल्या कामाचं तेवढं सांगतो.

तीन वर्षांच्या बीबीएवर थेट पीएच.डी. होत नाही. मध्ये एमबीए किंवा एम.कॉम.सारखी पदव्युत्तर पदवी पाहिजे, किमान ५५ टक्के गुणांची. चार वर्षांची पदवी असेल तर ७५ टक्के लागतात. आरक्षित प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे.

अभ्यासाचा काळ कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. महिलांना त्यावरही २ वर्षांची सवलत आहे आणि बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. ताईंनो, हे लक्षात ठेवा, बऱ्याच जणींना कोणी सांगतच नाही.

प्रवेश नेटच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेवर, मुलाखतीसह. त्यानंतर कोर्सवर्क, मग प्रबंध, मग बाहेरच्या परीक्षकांची तपासणी आणि शेवटी तोंडी परीक्षा.

मार्गदर्शकाकडे जागा मोजक्या असतात. प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी, त्याहून जास्त एका वेळी नाहीत. म्हणून आधी गाईड शोधा. तुमच्या विषयात त्यांचं स्वतःचं काम आहे का, ते बघा.

पीएच.डी. अर्धवेळ करता येते. दूरशिक्षणाने किंवा पूर्ण ऑनलाइन केलेली पीएच.डी. मात्र या नियमांत बसत नाही.

पैशाचं म्हणाल, तर पूर्णवेळ संशोधन करणाऱ्यांना बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप आहेत. आपण कोणत्या गटात बसतो आणि जाहिरात कधी निघते, यावर लक्ष ठेवा.

आणि एक काम आजच, फुकटात करा. 'शोधगंगा' नावाची वेबसाइट आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे ठेवलेले असतात. आपल्या विषयावरचे तीन प्रबंध उघडा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा. वाचताना कंटाळा आला तर ठीक आहे, तो सगळ्यांना येतो. पण "इथे हा चुकला, मी असतो तर हे विचारलं असतं" असं एकदाही मनात आलं नाही, तर फॉर्म भरू नका.

वाकडे रस्ते ओळखा

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या भागाकडे येतो.

पहिला वाकडा रस्ता म्हणजे ॲपवरून विकली जाणारी परदेशी ऑनलाइन डॉक्टरेट. यूजीसी आणि एआयसीटीई यांनी ऑक्टोबर २०२२ मध्येच सांगितलंय की, परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक कंपन्या जी ऑनलाइन पीएच.डी. देतात तिला मान्यता नाही. 'डीबीए' हे नाव दिलं म्हणून ती आपोआप पीएच.डी.च्या बरोबरीची होत नाही. परदेशी पदवीला इथे समकक्षता द्यायचे नियम यूजीसीने एप्रिल २०२५ मध्ये केले, आणि फ्रँचायझीच्या व्यवस्थेतून दिलेल्या पदवीला त्यात जागा नाही. एखाद्या मोठ्या कंपनीतल्या साहेबाला शिकण्यासाठी किंवा ओळखीपाळखी वाढवायला तसा कोर्स उपयोगी पडत असेल, तो त्याचा प्रश्न. पण "यावर कॉलेजात प्रोफेसर होता येईल" असं कोणी फोनवर सांगत असेल, तर त्याला ते लेखी मागा. फोन आपोआप बंद होईल.

दुसरा रस्ता मान्यता असलेल्या पण ढिल्या विद्यापीठाचा. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना, ओपीजेएस, सनराइज आणि सिंघानिया यांना, पीएच.डी.चे नियम न पाळल्यावरून पुढची पाच वर्षं पीएच.डी.चे प्रवेश बंद केले. म्हणजे यूजीसीच्या यादीत नाव आहे एवढ्यावर थांबू नका. "हजर राहायची गरज नाही, प्रबंध आम्ही बघून घेऊ" हे वाक्य कानावर पडलं की तिथून उठा. लिहून दिलेला प्रबंध म्हणजे दुसऱ्याच्या मालावर आपलं लेबल. आपण दुकानदार आहोत, याला बाजारात काय म्हणतात ते आपल्याला माहीत आहे.

तिसरा रस्ता मानद डॉक्टरेटचा, आणि आमच्या ट्रेनर लोकांत त्याची सध्या साथ आलीये. मलाही असे फोन येतात. "सर, तुमचं कार्य बघितलं, तुमची निवड झाली. मोठ्या हॉटेलात समारंभ, शाल, गाऊन, ट्रॉफी, फोटो. फक्त नोंदणी शुल्क भरा." देशात पदवी द्यायचा अधिकार कोणाला, हे यूजीसी कायदा १९५६ च्या कलम २२ मध्ये लिहिलंय. कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने तसा अधिकार दिलेली संस्था. कोणत्याही ट्रस्टला किंवा अकादमीला तो नाही. खऱ्या विद्यापीठाची मानद पदवी हा गौरव असतो, आणि गौरवाचं बिल फाडत नाहीत.

तुम्ही म्हणाल, कोणी लावलं 'डॉ.', आपलं काय जातं? जातं ना. तो फोटो बघून एखादा पोरगा त्या ट्रेनरचा महागडा कोर्स घेतो. आईचं सोनं गहाण टाकून आणलेल्या भांडवलातून फी भरतो. ज्याने पहिली फसवणूक स्वतःच्या नावात केली, तो तुमच्या धंद्याचा सल्ला खरा देईल, हा भरवसा कशावर ठेवायचा?

म्हणून चार प्रश्न पाठ करा. कोणीही 'डॉ.' लावून व्यवसायाचं शिकवायला आला, तर आदराने विचारा. विद्यापीठ कोणतं? वर्ष कोणतं? गाईड कोण होते? प्रबंधाचं नाव काय? ज्याने खरोखर पाच वर्षं घासलीत, तो चहा मागवून अर्धा तास सांगेल. ज्याने विकत घेतलीये, तो विषय बदलेल. हे प्रश्न मलाही विचारा. माझं शिक्षण बीबीए आहे आणि मी दुकान चालवतो. चॅनलवर जे सांगतो ते त्या जोरावर.

हिशोब मांडून बघा

समजा एखाद्या कोर्सची फी ४ लाख आहे. आकडा उदाहरणापुरता. तेच ४ लाख मालात घातले, माल वर्षात सहा वेळा फिरला, तर विक्री २४ लाख. १२ टक्के मार्जिन धरलं तर २ लाख ८८ हजार ढोबळ नफा. त्यातून भाडं, लाइट बिल, पोराचा पगार वजा करा. तरी काहीतरी उरतं, आणि मूळ ४ लाख मालात शिल्लक असतात.

आता वेळ. आठवड्याला १० तास अभ्यासाला दिले, वर्षाचे ५० आठवडे, चार वर्षं. झाले २,००० तास. एवढे तास दुकानाबाहेर जाणार असतील तर गल्ल्यावर कोण बसणार, हे घरात आधी बोला. बायको बसणार असेल, तर तिच्या तासांचा हिशोबही त्याच कागदावर लिहा. ताई शिकणार असतील, तर दादांनी शटर उघडायची तयारी ठेवावी.

मी फी भरू नका म्हणत नाही. धंद्याच्या नफ्यातून परत येईल या आशेवर भरू नका, एवढंच. सरकारी विद्यापीठातली पीएच.डी. पैशाने इतकी जड नसते, पण वेळ ती पुरेपूर वसूल करते.

मग कोणी करावी?

ज्याला कॉलेजात शिकवायचंय, त्याने. पण त्यानेही डोळे उघडे ठेवून. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट आहे, पीएच.डी. ऐच्छिक. म्हणजे आधी सेट-नेट काढा. पुढच्या बढतीला पीएच.डी. कामाला येते. तासिका तत्त्वावर राबणारे पीएच.डी. झालेले लोक तुमच्याही ओळखीत असतील. पदवी हातात आहे, जागा निघत नाही. त्यांच्याशी बोलून मग ठरवा, आणि तोवर दुकान बंद करू नका.

ज्याच्याकडे खरा प्रश्न आहे, त्याने करावी. ज्याला वीस वर्षांनी मराठवाड्याच्या व्यापारावर अधिकाराने बोलायचंय, त्याने नक्की करावी.

बाकीच्यांनी? प्रकल्प अहवाल, परवाने, कर्जाची फाइल यात अडत असाल तर जिल्हा उद्योग केंद्रात जा. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची प्रशिक्षणं बघा. हिशोब कच्चा असेल तर जीएसटी आणि अकाउंटिंगचा छोटा कोर्स करा. त्याचा परिणाम तुम्हाला पुढच्या मार्चमध्ये दिसेल.

आणि प्रश्न सगळ्यांनीच ठेवा. एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर आपल्या धंद्याचा एकच प्रश्न लिहा. "माझी उधारी कोणत्या महिन्यात अडकते?" "आलेलं गिऱ्हाईक परत का येत नाही?" सहा महिने रोज रात्री गल्ला मोजल्यावर त्याखाली आकडे लिहा, अंदाज नको. सहा महिन्यांनी उत्तर मिळालं तर धंद्याला फायदा झाला. उत्तर मिळता मिळता त्यातून आणखी मोठा प्रश्न निघाला आणि तो सुटेना, तर वही काखेत मारून विद्यापीठात एखाद्या चांगल्या गाईडला भेटायला जा. तिथे तुमच्या नावापुढे काय लागलंय हे कोणी विचारणार नाही. वहीत काय आहे, ते विचारतील.

तुमचा प्रश्न कमेंटमध्ये लिहा. निवडक प्रश्नांवर पुढच्या व्हिडिओत बोलू.